तिसरीतील मूल वाचू शकते काय?
जिल्हा परिषद शाळांच्या गुणवत्तेचे मोजमाप

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तोवर जिल्हा शाळा मंडळांकडे असलेले ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण तेव्हापासून लोकनियुक्त संस्थेच्या कारभाराचा भाग झाले. त्या काळी पंचायत समितीच्या बैठकीत शाळेसंबंधी विचारला जाणारा प्रश्न साधा असे. अमुक वाडीत शाळा आहे काय, तिला इमारत आहे काय आणि गुरुजी मिळाले काय? पुढे या प्रश्नात 'गळती' आणि 'स्थगिती' या दोन शब्दांची भर पडली. १९२९ च्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील अपव्ययाचे निदान करताना याच दोन दोषांवर बोट ठेवले होते. पहिलीत दाखल झालेली किती मुले चौथीपर्यंत टिकली आणि किती मुले एकाच इयत्तेत दोन-दोन वर्षे राहिली, याचे तक्ते शिक्षण खात्यात अनेक दशके तयार होत राहिले.

आज हे तक्ते पूर्वीइतके बोलके राहिलेले नाहीत. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील ६ ते १४ वयोगटातील ९८.१ टक्के मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची प्रथा बंद झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीपुरती परीक्षेची तरतूद पुन्हा करता येऊ लागली व महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. परंतु पहिली ते चौथी या टप्प्यात मूल दरवर्षी पुढच्या वर्गात जातेच. साहजिकच स्थगिती कागदावरून नाहीशी झाली. ती मुलाच्या शिकण्यातूनही नाहीशी झाली काय, हा खरा प्रश्न आहे. गावच्या शाळेची गुणवत्ता मोजावयाची ती याच प्रश्नाच्या अनुषंगाने.

चांगली शाळा कशावरून ठरते?

शाळेच्या गुणवत्तेविषयी गावात बोलणे निघाले की बहुधा तीन-चार गोष्टींचा उल्लेख होतो. भिंती रंगविलेल्या आहेत, लोकवर्गणीतून संगणक किंवा मोठा पडदा बसविला आहे, पट वाढला आहे आणि शिष्यवृत्ती परीक्षेत यंदा दोन मुले चमकली आहेत. यांपैकी एकही गोष्ट निरर्थक नाही. लोकवर्गणी जमते याचा अर्थ गावाचे शाळेकडे लक्ष आहे, आणि ज्या शाळेकडे गावाचे लक्ष असते तेथे शिक्षकही सहसा नेटाने काम करतात. परंतु या गोष्टींवरून वर्गातील सर्व मुलांविषयी काही कळत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचेच उदाहरण घ्यावे. वर्गातील हुशार चार-पाच मुले निवडून, त्यांचे जादा तास घेऊन, त्यांना या परीक्षेस बसविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिने ग्रामीण भागातील अनेक होतकरू विद्यार्थ्यांना पुढे आणले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि ही परीक्षा वर्गाच्या वरच्या टोकाचे माप आहे. मागच्या रांगेतील मुलगी मराठीतील साधे वाक्य वाचू शकते की नाही, याचे उत्तर गुणवत्ता यादीत सापडत नाही.

शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीतही इमारत, प्रत्येक शिक्षकासाठी वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, वाचनालय आणि शिक्षकसंख्या यांचे निकष आहेत. ते शाळेला काय मिळाले हे सांगतात. मुलाला काय मिळाले, हे वेगळे पाहावे लागते.

वाचनाच्या पायऱ्या

मुलाला काय मिळाले हे पाहण्याची एक सोपी रीत २००५ पासून देशभर रूढ झाली. १९९० च्या दशकात मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' सर्वेक्षण सुरू झाले. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे, अशा ६०० घरांतील मुलांना स्वयंसेवक घरी जाऊन भेटतात. मुलासमोर एक कागद ठेवला जातो. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे चार टप्पे असतात. मूल ज्या पायरीपर्यंत सहज जाईल ती त्याची पातळी मानली जाते. गणितासाठीही अशाच पायऱ्या आहेत. त्यांत एक अंकी व दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे यांचा समावेश होतो.

या साध्या कागदाने जे दाखविले ते विचार करावयास लावणारे आहे. देशातील ग्रामीण शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. कोरोनाच्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत वाढले. शाळा बंद होण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही ही वाढ पुढची आहे आणि ती घडवून आणणाऱ्या शिक्षकांना तिचे श्रेय दिले पाहिजे. तरीही चारांपैकी तीन मुले तिसरीत असताना दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाहीत, हे विसरता येत नाही. पाचवीत हेच प्रमाण २०२४ मध्ये ४४.८ टक्के होते. म्हणजे शासकीय शाळेतील पाचवीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता मागे होती.

तिसरी ही इयत्ता महत्त्वाची का, याचे कारण पाठ्यपुस्तकात आहे. पहिली-दुसरीत मूल वाचावयास शिकते, तर तिसरीपासून ते वाचून शिकू लागते. परिसर अभ्यासातील गाव आणि पाणी, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सर्व काही वाचनावर चालते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी भाषेबरोबरच सर्व विषय एकाच वेळी बंद होतात आणि पुढे दरवर्षी हे अंतर वाढत जाते. सहावी-सातवीत शाळा सोडणाऱ्या मुलाने मनाने शाळा बहुधा तिसरीतच सोडलेली असते.

मराठी वाचन शिकताना मूल नेमके कोठे अडते, हेही पाहण्यासारखे आहे. 'कमल नमन कर' अशी बिनकान्याची वाक्ये पुष्कळ मुले वाचतात. वेलांटी, उकार व मात्रा आल्या की त्यांची गती मंदावते आणि जोडाक्षर आले की ती थांबतात. बाराखडी तोंडपाठ म्हणणारे मूल 'कु' आणि 'के' वेगवेगळे दाखविले असता गोंधळते, कारण त्याने बाराखडी गाण्याप्रमाणे पाठ केलेली असते, चिन्ह पाहून ओळखलेली नसते. पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाविषयीही हीच सावधगिरी हवी. पुस्तकावर बोट फिरते, धडाही बरोबर म्हटला जातो आणि तपासणीस आलेले अधिकारी समाधानाने शेरा लिहितात. पण तोच शब्द फळ्यावर वेगळ्या वाक्यात लिहिला की मूल गप्प होते. म्हणूनच वाचन तपासावयाचे तर मजकूर न पाहिलेला असावा, ही पहिली अट होय.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने याच पायावर भर दिला आहे. दुसरीच्या अखेरीस मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द या गतीने अर्थासह वाचावा, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले असून ते गाठण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष निश्चित करण्यात आले. गतीला महत्त्व देण्याचे कारण असे की, एकेक अक्षर जुळवीत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. मराठीत विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. हिंदीत 'घर तक' हे दोन शब्द होतात, मराठीत 'घरापर्यंत' हा एकच. तेव्हा मराठी मुलाची शब्दगती अन्य भाषेतील मुलाच्या गतीशी थेट ताडून पाहणे योग्य होणार नाही.

सर्वेक्षणे अनेक, प्रश्न वेगळे

अधिकाऱ्यांच्या टेबलावर आज एकापेक्षा अधिक सर्वेक्षणांचे आकडे येतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ते जुळत नाहीत, कारण त्यांनी विचारलेले प्रश्नच वेगळे असतात. 'असर'मध्ये घरी, तोंडी आणि केवळ पायाभूत कौशल्ये तपासली जातात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत, ठरलेल्या दिवशी व ठरावीक इयत्तांतील विद्यार्थ्यांसाठी होते आणि त्यात त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर आधारित प्रश्न असतात. १२ नोव्हेंबर २०२१ च्या सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी व दहावीचे सुमारे ३४ लाख विद्यार्थी होते. त्यानंतर 'परख' या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीचे २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. त्यात तिसरीच्या ५५ टक्के विद्यार्थ्यांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावता आल्या. ग्रामीण शाळांच्या दृष्टीने या सर्वेक्षणातील एक निष्कर्ष विशेष उल्लेखनीय आहे. राष्ट्रीय पातळीवर तिसरीत ग्रामीण विद्यार्थी शहरी विद्यार्थ्यांच्या पुढे होते, तर सहावी व नववीत शहरी विद्यार्थी पुढे गेले. खेड्यातील शाळा म्हणजे आरंभापासूनच मागे, ही समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागेल.

तथापि, या सर्व पाहण्या नमुना पद्धतीच्या आहेत. त्या राज्याचे वा जिल्ह्याचे चित्र देतात, गावच्या शाळेचे नव्हे. 'असर'च्या ६०० घरांतून एका जिल्ह्यातील तिसरीची मुले निवडली तर त्यांची संख्या फार तर शंभराच्या आसपास भरते. एवढ्या लहान नमुन्यात तीन-चार टक्क्यांचा चढउतार केवळ योगायोगानेही होऊ शकतो. म्हणूनच अलीकडील अहवालांत जिल्ह्याचे आकडे तिसरी ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे एकत्र करून दिले जातात. जिल्हा दोन क्रमांकांनी खाली घसरला म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून खुलासा मागविणे हा या आकड्यांचा योग्य उपयोग नव्हे.

छोट्या शाळेची टक्केवारी

गावच्या शाळेपुरता विचार करताना टक्केवारी अधिकच फसवी ठरते. समजा, एका वाडीच्या शाळेत तिसरीत चार मुले आहेत आणि त्यांपैकी तीन वाचतात. निकाल ७५ टक्के. पुढील वर्षी तिसरीत पाच मुले आली आणि त्यांतील दोन वाचू लागली. निकाल ४० टक्के. वर्षभरात शाळा ३५ टक्क्यांनी घसरली, असा अहवाल तयार होतो; प्रत्यक्षात एका मुलाचा फरक पडलेला असतो. अशा शाळेचा आलेख काढण्यापेक्षा मुलांची नावे लिहून प्रत्येकापुढे त्याची पायरी लिहिणे अधिक उपयोगाचे.

केंद्राची किंवा बीटची सरासरी काढतानाही अशीच चूक होते. एका शाळेत तिसरीची चार मुले असून चारही वाचतात, म्हणजे १०० टक्के. दुसऱ्या शाळेत ४० मुले असून १६ वाचतात, म्हणजे ४० टक्के. दोन शाळांची सरासरी ७० टक्के, म्हणून केंद्र 'उत्तम' श्रेणीत जाते. मुलांचा हिशेब केला तर ४४ पैकी २० मुले वाचतात, म्हणजे सुमारे ४५ टक्के. सरासरी शाळांची काढावयाची नसून मुलांची काढावयाची, हा नियम पाळला तर कित्येक केंद्रांची श्रेणी बदलेल.

आणखी एक गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा निघते आणि तिची पिवळी गाडी गावापर्यंत येऊ लागते. ज्यांना फी परवडते अशा घरांतील मुले तिकडे जातात. समजा, २० मुलांच्या वर्गात १२ मुले वाचणारी होती आणि त्यांतील ६ निघून गेली. उरलेल्या १४ पैकी ६ वाचतात. निकाल ६० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर येतो. शिक्षक तेच, पुस्तके तीच, शिकवणेही तेच. तरी शाळा 'घसरली'. अशा वेळी शाळेचे काम मोजण्याचा न्याय्य मार्ग एकच उरतो. वर्षारंभी प्रत्येक मूल ज्या पायरीवर होते त्या पायरीपासून वर्षअखेर ते किती वर चढले, हे पाहिले पाहिजे. अक्षरापासून परिच्छेदापर्यंत पोहोचलेले मूल गोष्टीच्या पायरीवर नसते, म्हणून निकालात ते 'अप्रगत' दिसते. पण त्याच्या शिक्षकाने वर्षभरात केलेले काम पहिल्यापासूनच वाचणाऱ्या मुलाच्या शिक्षकापेक्षा मोठे असू शकते.

शिक्षकाची मिनिटे

अधिनियमानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला ४ तास. पटसंख्या ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षकांचे प्रमाण ठरविण्यात आले आहे. आता पाच इयत्ता आणि दोन शिक्षक अशी शाळा घेतली तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष दिवसाकाठी सरासरी ९६ मिनिटे येते. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण. दोघांपैकी एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की ही ९६ मिनिटे ४८ होतात. उरलेल्या वेळी मुले फळ्यावरील मजकूर उतरवून घेतात किंवा पाढे म्हणतात. वर्गात आवाज असतो, शिकणे असतेच असे नाही.

अधिनियमाच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. ज्या माहितीच्या तक्त्यांनी व ऑनलाइन नोंदींनी शिक्षकाचा दिवस व्यापलेला असतो त्यांचा उल्लेख या कलमात नाही, आणि त्यांना 'शैक्षणिक' म्हणावे की नाही याविषयी मतभेद आहेत. ४८ मिनिटांच्या हिशेबाला मात्र या मतभेदाने काही फरक पडत नाही.

पट कमी असलेल्या शाळांचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. २०२३ मधील शासकीय आकडेवारीनुसार राज्यात २० किंवा त्यापेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या १४,७८३ होती. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले व सुमारे २९ हजार ७०० शिक्षक होते. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांच्या धर्तीवर समूहशाळा उभारण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. समूहशाळेच्या बाजूने म्हणता येण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, समवयस्क सोबती, वाचनालय व मैदान या गोष्टी बारा मुलांच्या शाळेत कधीच शक्य होणार नाहीत. उलट पक्षी, प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम निष्कारण झालेला नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा सातपुड्यात नकाशावरचा दीड किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात दोन ओढे असतात. वाहतुकीची गाडी महिनाभर बंद पडली तर घरी राहणारे पहिले मूल बहुधा मुलगी असते. डांबरी रस्त्यावरील दोन शाळा आणि डोंगरातील दोन वाड्या यांना एकच नियम लावता येणार नाही. निर्णय करण्यापूर्वी ओढ्यापलीकडे चालत जाऊन पाहणे हे कामकाजाचा भाग मानले पाहिजे.

पटावरचे मूल, शाळेतले मूल

मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. जुलैच्या चाचणीत ती असतात, वार्षिक मूल्यमापनातही असतात. मधल्या काळात ती कारखान्याच्या तळावरील कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळीत असतात. पट कायम राहतो, म्हणून तक्त्यात काहीच दिसत नाही. या मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे हा यावरील परिणामकारक उपाय आहे; पण तो वेळेवर सुरू झाला तरच. टोळ्या निघून गेल्यावर महिनाभराने आलेली मंजुरी त्या हंगामापुरती वायाच जाते. जी मुले गेलीच, त्यांच्यासोबत शिक्षण हमी पत्रक जावे आणि कारखाना परिसरातील शाळेने त्यांना सामावून घ्यावे, अशी व्यवस्था आहे. कोणत्या पायरीवर मूल आहे हे त्या पत्रकावर लिहिलेले असेल तर नव्या शिक्षकाला पहिला आठवडा तपासण्यात घालवावा लागत नाही.

भाषेचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक खोल आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया-गोंड किंवा नंदुरबारमधील भिल्ल व पावरा मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याच्यासाठी बहुतांशी परकी असते. कोरकू ही मुंडा कुळातील आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे नाते नाही. अशा मुलाला अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकावी लागतात. त्याची तुलना घरी मराठी बोलणाऱ्या मुलाशी करून त्यास 'मंद' ठरविणे हा अन्याय होय. शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा असावी, असे शिक्षण हक्क अधिनियमातही नमूद आहे. जेथे शिक्षकाने त्या भाषेतील शे-दोनशे शब्द शिकून घेतले तेथे पहिलीच्या वर्गात बोलणे सुरू होते, आणि वाचनाची वाट बोलण्यातूनच जाते.

फरक कशाने पडतो?

मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी 'बालसखी' हा प्रयोग झाला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एका प्रशिक्षित तरुणीने रोज काही वेळ वेगळे बसवून पायाभूत वाचन व गणित शिकवावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याची पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा मुलांच्या संपादणुकीत वाढ दिसून आली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना विशेष लाभ झाल्याचे आढळले. इयत्तेनुसार न बसविता पायरीनुसार गट करून शिकविण्याची पद्धत पुढे यातूनच विस्तारली. बहुवर्ग शाळेतील शिक्षकाला तर ती अधिकच सोयीची आहे, कारण त्याच्यासमोर पाच इयत्ता एकत्र बसलेल्याच असतात. त्यांचे तीन गट केले की ९६ मिनिटांचा हिशेब बदलतो.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने झालेल्या कामाची राज्यभर दखल घेतली गेली. वर्गाच्या जमिनीवर आखलेले तक्ते, मणी-माळा, खडे, शब्दपट्ट्या यांच्या साहाय्याने मुले स्वतः शिकताना पाहण्यासाठी अन्य जिल्ह्यांतील शिक्षक तेथे गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात प्रत्येक मूल प्रगत करण्याचे ध्येय ठेवण्यात आले. या काळात अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. काही ठिकाणी फरशीबरोबर शिकवणेही बदलले, काही ठिकाणी फरशीच तेवढी बदलली.

पंचायतीने काय विचारावे?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी कायद्याची तरतूद आहे. समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. बहुतेक आराखड्यांत खोली दुरुस्ती, संरक्षक भिंत व नळजोडणी यांचाच भरणा असतो. त्यात मुलांच्या वाचनाची यादी जोडण्यास कोणताही नियम आड येत नाही. दुसरी ते पाचवीतील प्रत्येक मुलाची पायरी लिहिलेला एक कागद मुख्याध्यापकांनी समितीपुढे ठेवावा, एवढे पुरेसे आहे. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको की अनुदान नको.

काही जिल्ह्यांत 'चावडी वाचन' या नावाने ग्रामस्थांसमोर मुलांकडून वाचून घेण्याचा उपक्रम राबविण्यात आला. पालकांना आपले मूल वाचताना ऐकण्याची संधी मिळते, हा त्याचा मोठा लाभ. मात्र अडखळणाऱ्या मुलाला गावासमोर उभे करून खाली मान घालावयास लावणे टाळले पाहिजे. त्याचे वाचन घरी, आईसमोर ऐकले तरी चालते. आई निरक्षर असली तरी मूल अडखळते की सलग वाचते, हे तिला कळते.

वेळेचाही विचार हवा. आपल्याकडे वार्षिक निकाल परंपरेने १ मे रोजी सांगितला जातो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. त्या दिवशी कितीही चर्चा झाली तरी शाळेला सुटी लागलेली असते आणि तिसरीतील मूल चौथीत गेलेले असते. हाच कागद १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आला तर वर्षाचे आठ महिने हाती असतात, आणि २६ जानेवारीला पुन्हा आला तर कोणते मूल कोठवर चढले हे पाहून उरलेल्या अडीच-तीन महिन्यांत जादा वर्ग घेता येतात.